दळण टाकले, पण आणायचे कोणी?

विद्यार्थिमित्रांनो, गिरणीत दळण टाकायला तुम्ही कधीतरी गेलाच असाल. रांग मोठी असली तर आपण डबा तेथेच ठेवतो, भाजी घेतो, वाण्याकडे जाऊन येतो आणि परतताना पीठ घरी नेतो. तेथे ताटकळत उभे राहावे लागत नाही. संगणकालाही अशीच सोय आहे. तिच्या वापराविषयी माझी एक तक्रार आहे.

आपण टाइप केलेल्या आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या आज्ञावलीला ‘शेल’ म्हणतात. डेनिस रिची आणि केन टॉम्सन यांनी १९७४ साली युनिक्स प्रणालीविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात ही सोय वर्णिलेली आहे. आज्ञेच्या शेवटी & हे चिन्ह लिहिले की शेल ते काम सुरू करते, त्याचा क्रमांक सांगते आणि न थांबता पुढची आज्ञा घ्यायला तयार होते. काम पार्श्वभूमीत चालूच राहते. पायथन भाषेतही हे करता येते. तिच्या ‘सबप्रोसेस’ या विभागातील ‘रन’ काम संपेपर्यंत थांबते, तर ‘पोपेन’ काम सुरू करून लगेच पुढे जाते.

सोय उत्तमच आहे. माझी तक्रार एवढीच, की आपण दळण टाकायला शिकतो, पण आणायला शिकत नाही.

माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि मग मूळ ठिकाणची पुसायची, अशी आज्ञावली मी लिहिली. वेळ वाचावा म्हणून उतरवण्याचे काम पार्श्वभूमीत पाठवले. पुढच्याच ओळीत पुसण्याची आज्ञा होती! थोडी छायाचित्रे उतरली, बाकीची त्याआधीच पुसली गेली. पडद्यावर मात्र ‘काम झाले’ अशी ओळ झळकत होती. ती ओळ मीच लिहिली होती. काम खरोखर झाले का, हे मी विचारलेच नव्हते.

विचारायचे कसे? प्रत्येक काम संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे यश, इतर कोणताही अंक म्हणजे काहीतरी बिघडले. ‘वेट’ ही आज्ञा काम संपेपर्यंत थांबते आणि तो अंक आणून देते. मात्र तिला कामाचा क्रमांक द्यावा. क्रमांक न देता नुसते ‘वेट’ म्हटले, तर बॅश शेल सगळ्या कामांसाठी थांबते खरे, पण एखादे काम फसले असले तरी शून्यच सांगते.

हा अंक कोणी नेलाच नाही तर? गिरणीत न नेलेला डबा जागा अडवून बसतो, तसेच होते. संपलेल्या कामाची नोंद प्रणालीच्या यादीत पडून राहते. तिला ‘झाँबी’ म्हणतात. ज्या आज्ञावलीने काम सुरू केले, ती अंक नेईपर्यंत किंवा स्वतः संपेपर्यंत ही नोंद हटत नाही.

आणखी एक धोका आहे. कामातून बाहेर येणारा मजकूर नळीसारख्या एका मार्गातून, म्हणजे ‘पाइप’मधून, आपल्याकडे येतो. लिनक्समध्ये या नळीत साधारणतः ६५,५३६ बाइट मावतात. मजकूर कोणी वाचलाच नाही तर नळी भरते आणि काम जागीच थांबते. त्याच वेळी आपली आज्ञावली ते काम संपण्याची वाट पाहत बसली असेल, तर दोघेही एकमेकांसाठी कायमचे अडकून पडतात. म्हणूनच पायथनमध्ये ‘कम्युनिकेट’ची सोय आहे. ती मजकूर वाचत राहते आणि काम संपण्याची वाटही पाहते.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की & हे चिन्ह शिकवाल त्याच तासाला ‘वेट’ही शिकवा. दहा सेकंद नुसते थांबणारे एक काम आणि मुद्दाम फसणारे दुसरे काम पार्श्वभूमीत पाठवायला लावा. मग प्रत्येकाचा अंक वहीत लिहून घ्या.

आणि मित्रांनो, तुम्ही एवढेच ध्यानात ठेवा. काम दुसऱ्यावर सोपवले तरी जबाबदारी आपलीच राहते. पीठ घरात आले, डबा उघडून पाहिला, की मगच ‘दळण झाले’ असे म्हणावे.