अमेरिकेत ‘फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट’ व्हावे का?

इंदूरहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांची मुलगी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. न्यू जर्सीत राहणारे तिचे मामा दिवाळीला आले होते. जाताना भाचीला सांगून गेले, “इथे साडेचार वर्षे कशाला घालवतेस? तिकडे दोन वर्षांचा असिस्टंटचा कोर्स कर. साठ हजार डॉलरने सुरुवात होते.” यजमानांनी कागद-पेन्सिल घेऊन त्याचे रुपये केले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहून तयार आहे. पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे : ‘माझ्या वहिनींचेही मन आहे. त्यांना ग्रीन कार्ड आहे, वय बेचाळीस, बी.कॉम. झाल्या आहेत. त्यांना जमेल का?’

मामा खोटे बोललेले नाहीत, पण त्यांनी मधला आकडा सुरुवातीचा म्हणून सांगितला. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या मे २०२३च्या आकडेवारीप्रमाणे या असिस्टंटची मध्यम कमाई वर्षाला ६४,०८० डॉलर होती. म्हणजे निम्म्या लोकांना याहून जास्त मिळत होते आणि निम्म्यांना कमी. नवख्या मुलीने स्वतःला कमीवाल्यांतच धरावे. त्यातून कर, घरभाडे, मोटार, विमा सारे डॉलरमध्येच जाते, तेव्हा रुपयांचा गुणाकार इंदूरला बसून करण्यात अर्थ नाही. आणखी एक घोटाळा टाळा. ‘असिस्टंट’ आणि ‘एड’ ही दोन वेगळी माणसे आहेत. एड म्हणजे खोली आवरणारा, रोग्याला ने-आण करणारा मदतनीस. त्याला परवाना लागत नाही आणि त्याचा पगार असिस्टंटच्या जवळपास निम्मा असतो.

हे काम काय असते? समजा, एखाद्या आजोबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांची तपासणी करून उपचारांचा आराखडा भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे थेरपिस्ट, आखतो. पुढे आजोबांच्या कमरेला रुंद पट्टा बांधून, तो मागून धरून, त्यांना पायरी चढायला-उतरायला शिकवायचे ते असिस्टंटने. अर्धांगवायू झालेल्या बाईचा हात हलवून घेणे, व्यायाम मोजणे, शेक देणे आणि प्रत्येक गोष्टीची नोंद लिहिणे हेही त्याच्याकडेच. आराखडा बदलावासा वाटला तर थेरपिस्टला विचारायचे, स्वतः बदलायचा नाही. १९६५मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली. थेरपिस्टांचा तुटवडा होता, म्हणून हा हुद्दा निर्माण झाला आणि १९६९मध्ये पहिले असिस्टंट शिकून बाहेर पडले. जागा आजही वाढत आहेत, कारण म्हातारी माणसे वाढत आहेत.

वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृहांत आणि घरोघरी जाऊन काम करणाऱ्यांना दवाखान्यांपेक्षा जास्त पैसे मिळतात. पण घरोघरी म्हणजे बर्फातून गाडी हाकत जाणे आले, आणि कित्येक ठिकाणी भेटीगणिक पैसे मिळतात. रोग्याने दार उघडले नाही तर त्या दिवशीची कमाई बुडू शकते. शुश्रूषागृहांचेही दिवस बदलले. ऑक्टोबर २०१९पासून मेडिकेअरने तिथे उपचारांच्या मिनिटांवर पैसे देण्याची पद्धत बंद केली, तेव्हा अनेकांचे तास कमी झाले, काहींच्या नोकऱ्याही गेल्या. मग जानेवारी २०२२पासून बाह्यरुग्णाचा उपचार असिस्टंटने केला असेल तर मेडिकेअर नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच देऊ लागली. काम तेच, घाम तोच, पण मालकाच्या हिशेबात माणूस स्वस्त झाला. अशा वेळी पगारवाढ मागणे किती अवघड होते, हे नोकरी करणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

याहून मोठी अडचण पुढच्या पायरीची. आपल्याला वाटते, असिस्टंट म्हणून लागले की अनुभवाने थेरपिस्ट होता येईल. तसे होत नाही. तिथे थेरपिस्ट व्हायला आता डॉक्टरेट लागते आणि तिच्या आधी बहुधा पदवी. असिस्टंटांना थेरपिस्ट होण्यासाठी खास आखलेले अभ्यासक्रम आहेत, ओहायोतील फिंडले विद्यापीठात एक आहे, पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. थेरपिस्टची मध्यम कमाई त्याच वर्षी ९९,७१० डॉलर होती. हे अंतर वर्षे मोजून भरून निघत नाही.

आता भाचीचा खरा प्रश्न, जो मामांच्या लक्षात आला नसावा. ते स्वतः तिथे कायमचे रहिवासी आहेत, ती विद्यार्थिनी म्हणून जाणार. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर काम करण्याची मुभा मिळते. त्यानंतर नोकरीसाठी जो एच-१बी व्हिसा लागतो, तो किमान बॅचलर पदवी लागणाऱ्या कामालाच दिला जातो. असिस्टंटला दोन वर्षांची पदविकावजा पदवी पुरते, म्हणून ते काम सहसा त्यात बसत नाही. ग्रीन कार्डासाठी तुटवड्याच्या व्यवसायांची जी सरकारी यादी आहे, तिच्यात थेरपिस्ट आणि परिचारिका आहेत, असिस्टंट नाहीत. म्हणजे इथली पदवी अर्धवट टाकून, परदेशी विद्यार्थिनीची चढी फी भरून ती तिसऱ्या वर्षाअखेर परत इंदूरला, आणि हाती जो परवाना, तो इथे उपयोगाचा नाही.

तेव्हा तिने कॉलेज सोडू नये. बी.पी.टी. पूर्ण करावी, जमल्यास पुढे एम.पी.टी. तिथे जायचेच असेल तर भारतीय शिक्षणाची तपासणी करून घेऊन, राज्याच्या मंडळाची अट पुरी करून, थेरपिस्टचीच परीक्षा देता येते. कधीकधी काही विषय जास्तीचे करावे लागतात, आणि भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग फार लांब आहे, हेही मनात धरावे. पण त्या रांगेत उभे राहायला निदान जागा आहे. आणि नाहीच गेली, तरी इंदूरला दवाखाना काढता येईल.

वहिनींना मात्र मी अगदी जरूर करा म्हणेन! ग्रीन कार्ड असल्याने व्हिसाची अडचण नाही, आणि राहत्या कौंटीच्या कम्युनिटी कॉलेजात फी बेताची असते. बेचाळीस हे वय आड येत नाही. कंबर आणि गुडघे धड हवेत, कारण दिवसभर माणसे उचलून उभी करायची असतात. कॉलेज निवडताना एकच गोष्ट कसोशीने पाहावी : त्या कोर्सला ‘कॅप्टे’ या संस्थेची मान्यता आहे का? ती नसेल तर परवान्याच्या परीक्षेला सहसा बसताच येत नाही, मग जाहिरात कितीही गोड असो. प्रवेशाआधी शरीररचनेचा विषय करावा लागतो. बी.कॉम.नंतर वीस वर्षांनी हाडांची नावे पाठ करणे जड जाईल, म्हणून तो एकटाच विषय आधी घ्यावा. अनेक कॉलेजे प्रवेशापूर्वी काही तास प्रत्यक्ष काम पाहून यायला सांगतात. ती अट नसली तरी वहिनींनी एखाद्या शुश्रूषागृहात दोन दिवस उभे राहून यावे आणि मगच फॉर्म भरावा.

आणि ताई, तो अर्ज फाडून टाका. फीची तारीख चुकवू नका.