सुटणारच नाही हे आधी ओळखावे : सरकत्या सोंगट्यांचे कोडे, संगणक आणि तळेगावचा धडा

१/ तळेगाव दाभाडे परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला एक प्रात्यक्षिक असते : ‘ए-स्टार’ ही शोधपद्धत एखाद्या खेळावर चालवून दाखवणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमातील हा पाठ. त्यासाठी पुष्कळ विद्यार्थी सरकत्या सोंगट्यांचे कोडे निवडतात. नऊ घरे, आठ सोंगट्या, एक रिकामे घर. पोरखेळ म्हणून ते उरकले जाते. या कोड्याचा इतिहास ठाऊक असता, तर असे झाले नसते. 🧵

२/ या कोड्याचे थोरले भावंड म्हणजे १५ सोंगट्यांचे कोडे. १८८०च्या सुमारास त्याने अमेरिका आणि युरोप यांना अक्षरशः वेड लावले. सॅम लॉइड हे कोडेकार पुढे त्याचे जनकत्व स्वतःकडे घेत राहिले. संशोधकांनी मात्र ते श्रेय न्यूयॉर्क राज्यातील कॅनस्टोटा गावचे पोस्टमास्तर नॉइस चॅपमन यांना दिले आहे. केवळ १४ आणि १५ यांची अदलाबदल असलेली मांडणी सोडवणाऱ्यास लॉइड यांनी १,००० डॉलरचे बक्षीस लावले होते. ते कोणालाच मिळाले नाही, मिळणारही नव्हते.

३/ कारण ती मांडणी सुटतच नाही. जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ मध्येच ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये हे सिद्ध केले होते. आठ सोंगट्यांच्या कोड्यात तर्क फार सोपा आहे. सोंगट्या ओळीने वाचाव्यात आणि मोठा अंक लहान अंकाच्या आधी येतो अशा ‘उलट्या जोड्या’ मोजाव्यात. आडवी चाल ही संख्या बदलत नाही. उभी चाल एका सोंगटीला बरोबर दोन सोंगट्यांपलीकडे नेते. त्यामुळे संख्या बदललीच, तर दोननेच बदलते.

४/ म्हणजे विषम संख्येने सुरू झालेला खेळ विषमच राहतो. सुटलेल्या मांडणीत मात्र उलट्या जोड्या शून्य, म्हणजे सम. केवळ ७ आणि ८ यांची अदलाबदल केली, तर उलटी जोडी एकच. ती मांडणी जन्मभर सोंगट्या सरकवूनही सुटणार नाही. सर्व मांडण्यांपैकी नेमक्या अर्ध्या अशाच आहेत.

५/ मांडण्या मोजण्याची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकपाश या प्रकरणात शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधे किती प्रकारे बदलता येतील, असा प्रश्न आहे. उत्तर ३६,२८,८००. नऊ घरांच्या कोड्यातील एकूण मांडण्या याच्या बरोबर एक दशांश : ३,६२,८८०. त्यांपैकी सुटणाऱ्या १,८१,४४०. त्यांतील कोणतीही मांडणी जास्तीत जास्त ३१ चालींत सुटते.

६/ पंधरा सोंगट्यांकडे वळताच आकडे आवाक्याबाहेर जातात. सुटणाऱ्या मांडण्या १० लाख ४६ हजार कोटींहून अधिक. म्हणूनच यंत्राला ‘विचार’ शिकवू पाहणाऱ्यांनी हे कोडे हाती घेतले. एडिनबरोत डोरन आणि मिची यांनी १९६६ मध्ये अशा कोड्यांवर आपला शोधप्रोग्रॅम तपासला. १९६८ मध्ये हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी ए-स्टार मांडली : आजवर झालेल्या चाली अधिक उरलेल्या चालींचा अंदाज, ही बेरीज जिथे सर्वांत लहान, तिकडे आधी जावे.

७/ येथे अंदाजाला एक अट आहे. तो खऱ्या अंतरापेक्षा कधीही जास्त नसावा. तरच सापडलेले उत्तर सर्वांत कमी चालींचे असेल. प्रत्येक सोंगटी आपल्या घरापासून किती घरे दूर आहे, याची बेरीज ही अट पाळते. तरीही ए-स्टार पाहिलेली प्रत्येक मांडणी लक्षात ठेवते, आणि पंधरा सोंगट्यांपुढे संगणकाची स्मृती अपुरी पडे. १९८५ मध्ये रिचर्ड कॉर्फ यांनी मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवत, अत्यल्प स्मृतीत शोध घेणारी पद्धत दिली आणि १०० यादृच्छिक मांडण्यांची किमान चालींची उत्तरे काढून दाखवली.

८/ आता प्रात्यक्षिकाकडे परत यावे. वहीत उतरलेल्या प्रोग्रॅममधील मांडणी बहुधा दोन-चार चालींत सुटणारी असते. उत्तर पडद्यावर येते, सही होते, गुण मिळतात. त्याच प्रोग्रॅमला न सुटणारी मांडणी दिली, तर? पाहिलेल्या मांडण्यांची नोंद तो ठेवत असेल, तर १,८१,४४० मांडण्या पालथ्या घालून हात हलवीत परततो. ठेवत नसेल, तर अखंड फिरत राहतो. उलट्या जोड्यांची मोजणी हेच उत्तर क्षणात देते. ती चारच ओळींची भर आहे. पण परीक्षेत तिची अपेक्षा नसते.

९/ हे तळेगावात घडावे, याची खंत अधिक वाटते. माणशी एक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ मध्ये येथेच सुरू झाला. तो कारखाना होता तशीच शाळाही होता; येथे शिकलेल्या कारागिरांनी देशात इतरत्र काचधंदा वाढवण्यास हातभार लावला. भट्टीतले मिश्रणच चुकले असेल, तर फुंकणाऱ्याचे श्रम व्यर्थ, हे तेथे पुस्तकातून शिकावे लागत नसे. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालयही याच गावातले. स्वतःच्या बुद्धीने चालणारी शाळा सरकारला रुचली नाही आणि १९१० मध्ये ती बंद पाडण्यात आली.

१०/ यावर आक्षेप येतो : चाकण-तळेगावच्या कारखान्यांना कोडी सोडवणारे नव्हे, कामाची माणसे हवीत, शिवाय आता प्रोग्रॅम यंत्रच लिहून देते. पण जिथे वाट न ठेवता माल दाटीवाटीने भरतात आणि मोजक्या रिकाम्या जागांच्या आधारे हवा तो नग बाहेर काढतात, अशा गोदामांचा प्रश्न हाच आहे. त्याचा अभ्यासही ‘कोडे-पद्धतीची साठवण’ याच नावाने होतो. आणि लिहिण्याचे काम यंत्राने घेतले, तर ‘हा प्रश्न सुटण्याजोगा आहे का’ हे विचारण्याचे काम माणसाकडे अधिकच उरते. तेही न करणारा अभियंता कारखान्याच्या काय उपयोगाचा?

११/ उपाय खर्चाचा नाही. परीक्षकाने दोन मांडण्या द्याव्यात, एक सुटणारी, एक न सुटणारी, आणि त्यांचा क्रम आधी सांगू नये. प्रोग्रॅमने पहिलीची चालसंख्या सांगावी. दुसरीबाबत ‘नाही’ म्हणावे. आणि ते ‘नाही’ का, हे विद्यार्थ्याने फळ्यावर खडूने समजावून द्यावे. गुण त्या समजावण्याला असावेत. १८७९ मध्ये कागदावर सुटलेली गोष्ट शिकवायला नवी प्रयोगशाळा लागत नाही.

(समाप्त)