नमस्कार गुडघ्यापाशीच थांबतो?

दिवाळीला घरी गेल्यावर आजीला वाकून नमस्कार करायला जावं, तर हात तिच्या पावलांपर्यंत पोचायच्या आधीच मांडीमागे अशी ओढ बसते की बस्स! मग गुडघे वाकवून, कसंबसं उरकून आशीर्वाद पदरात पाडून घ्यायचा. वय विचाराल तर जेमतेम सत्तावीस. रविवारी टर्फवर चोरटी सिंगल घेताना हीच जागा धरून खाली बसलेला एक तरी मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. दोन्हीकडे नाव एकच, हॅमस्ट्रिंग.

हा एकटा स्नायू नाही, तिघांची गँग आहे. आपण ज्या हाडांवर बसतो तिथून ही गँग निघते आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटते. म्हणजे खुबा आणि गुडघा अशी डबल ड्युटी! खुर्चीत गुडघा वाकलेला असतो, त्यामुळे दिवसभर या मंडळींना पुरतं लांब व्हायची वेळच येत नाही. आठ-नऊ तास ऑफिस, मग बस किंवा बाइक, मग सोफा. अशा पायाला अचानक ताणलं की तो कुरकुरणारच.

यावर आपला लाडका उपाय म्हणजे सकाळी उठून पायाचे अंगठे पकडायचे, तेही झटके देत. नाही पोचलं तर आणखी जोर लावायचा. प्लीज, हे थांबवा. कारण ओढ दरवेळी स्नायूचीच असते असं नाही.

आधी ओळखा : स्नायू की नस?

कमरेतून निघून मांडीमागून थेट पायात उतरते ती सायटिक नर्व्ह. ती चिडलेली असली तरी ओढ तिथेच जाणवते. फिजिओथेरपिस्ट वापरतात ती एक सोपी युक्ती करून बघा. खुर्चीत पोक काढून बसा, हनुवटी छातीकडे न्या आणि एक पाय ओढ जाणवेपर्यंत हळूहळू सरळ करा. आता पाय आणि पाठ तशीच ठेवून फक्त मान वर करा. ओढ लगेच कमी झाली? मग नसेचाही हात असू शकतो. हॅमस्ट्रिंग काही मानेपर्यंत जात नाही!

हे निदान नव्हे, इशारा आहे. अशा वेळी पाय जोरात ताणून धरला तर दुखणं वाढू शकतं. फिजिओ मग ‘नर्व्ह ग्लायडिंग’ शिकवतात : पाय सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली, हलक्या लयीत. पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी होत असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

आता ताणा, पण नीट

* डेस्कवर : चाकं नसलेल्या खुर्चीच्या कडेला बसा. एक पाय सरळ, टाच जमिनीवर. पाठ ताठ ठेवून खुब्यातून पुढे झुका. पाठ गोल केली तर कंबर वाकते, हॅमस्ट्रिंग आरामात सुटतं!
* दाराच्या चौकटीत : पाठीवर झोपा. एक पाय चौकटीला टेकवून वर, दुसरा दारातून पलीकडे सरळ. जास्त ओढ वाटली तर थोडं मागे सरका.
* टॉवेल घेऊन : पाठीवर झोपून तळव्याला टॉवेल अडकवा आणि पाय वर घ्या. पाच-सहा सेकंद टाच हलकेच टॉवेलवर दाबा, मग सैल सोडून पाय किंचित आणखी वर आणा. दोन-तीनदा पुरे. हे ‘पीएनएफ’ तंत्र, १९४०च्या दशकात अमेरिकेत डॉ. हर्मन कॅबट यांनी पाया घातलेलं.
* ताकदीसाठी : नुसतं ताणून भागत नाही. गुडघे वाकवून पाठीवर झोपा, कंबर उचला आणि सावकाश खाली आणा. हा झाला ब्रिज.

किती वेळ?

बँडी आणि आयरियन या अमेरिकन संशोधकांनी १९९४ मध्ये हॅमस्ट्रिंगवर १५, ३० आणि ६० सेकंदांचे स्ट्रेच तपासले. १५पेक्षा ३० सरस ठरले. ६० सेकंदांनी जास्त काही मिळालं नाही. १९९७च्या अभ्यासात दिवसातून एकदा केलेला ३० सेकंदांचा स्ट्रेच तीनदा केल्याइतकाच उपयोगी दिसला. म्हणजे ‘टाइमच नाही यार’ हा बहाणा बाद!

झटके का नकोत, याचंही कारण आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पाय जास्त वर जातो तो मुख्यतः ताण सोसायची आपली तयारी वाढल्याने, स्नायू लांब झाल्याने नव्हे, असं वेपलर आणि मॅग्नुसन यांनी २०१०च्या लेखात मांडलं. थोडक्यात, पायाला घाबरवायचं नाही, विश्वासात घ्यायचं. ओढ जाणवावी, पण चेहरा वाकडा होऊ नये.

मॅचच्या आधी मात्र पाय ताणून उभे राहू नका. हलकं जॉगिंग करा, पाय पुढे-मागे झुलवा, छोट्या धावा घ्या. आणि ऑफिसात? फोन आला की उठून बोला, पाण्याची बाटली स्वतः जाऊन भरा.

दोन्ही अभ्यास सहा आठवड्यांचे, आठवड्यातून पाच दिवसांचे होते. तुम्हीही तेवढाच वेळ द्या. जिमची फी नाही, गॅजेट नाही. दाराची चौकट तर घरात आहेच!