पायरीपाशी अडलेला नागरिक

कायद्याने दिलेला हक्क आणि माणसाच्या पदरात प्रत्यक्ष पडणारा हक्क यांत किती अंतर असते, हे ज्यास मोजावयाचे असेल त्याने आपल्या गावच्या कोणत्याही बसस्थानकावर सकाळची एक घटका उभे राहून पाहावे. बस येते. ती थांबण्यापूर्वीच माणसे दाराशी धावतात, खिडक्यांतून रुमाल आणि पिशव्या आत पडतात, जागा अडविल्या जातात. या गडबडीत कुबड्या घेतलेला एखादा तरुण, किंवा लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आलेली एखादी अंध बाई, बाजूस उभी राहते. गर्दी ओसरली की अशांनी चढावे असा एक न लिहिलेला नियम आहे. आणि गर्दी ओसरते तेव्हा बस भरलेली असते. साध्या बसची जमीन रस्त्यापासून सुमारे एक मीटर उंच. तिची पहिली पायरीच धडधाकट माणसाच्या गुडघ्याशी लागते. वाहक दयाळू असला तर हात देतो, घाईत असला तर घंटा देतो. बस निघून जाते आणि मागे राहिलेल्याच्या हाती सवलतीचा पास तेवढा उरतो. भाड्यात सूट देणाऱ्या सरकारने त्या गाडीत चढण्याची सोय मात्र करून ठेवलेली नसते.

हा प्रश्न मूठभर लोकांचा आहे असे म्हणून तो दूर सारण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती किती खोटी आहे हे शिरगणतीचे आकडेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशातील २ कोटी ६८ लाख माणसांची नोंद अपंग म्हणून झाली; लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के पडते. त्याच जनगणनेत बेळगाव महानगरपालिकेच्या हद्दीतील वस्ती ४ लाख ८८ हजारांच्या घरात होती. तिला देशाचेच प्रमाण लावले तर एकट्या बेळगाव शहरात अशी दहा हजारांहून अधिक माणसे निघतात. शिवाय ही गणती सात-आठ प्रकारांपुरतीच होती. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. आणि गुडघे धरलेली आजी, पाय प्लास्टरमध्ये असलेला कामगार, दिवस भरत आलेली लेकुरवाळी यांची नोंद तर कोणत्याच रकान्यात नसते. पायरी मात्र त्यांनाही तितकीच उंच असते. आज जो तरुणपणाच्या जोरावर धावती बस पकडतो, तोही उद्या म्हाताराच होणार आहे.

एकोणीस वर्षांचा दावा

कायदा नाही म्हणून हे घडते काय? मुळीच नाही. समान संधीचा पहिला कायदा संसदेने १९९५ साली केला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने २००७ साली शिक्कामोर्तब केले. २०१५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियानाचा नारळ फोडला आणि त्याच महिन्यात ‘दिव्यांग’ हा नवा शब्द पंतप्रधानांनी देशापुढे ठेवला. पुढे २०१६ चा हक्क कायदा आला. त्यातील तरतुदी अशा की, सुगमतेचे नियम पाळले नसतील तर कोणत्याही इमारतीस बांधकामाचा परवाना अथवा पूर्णत्वाचा दाखला मिळू नये; नियम निघाल्यापासून दोन वर्षांत लोकसेवा आणि पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सर्वांस वापरण्याजोग्या व्हाव्यात. नियम २०१७ च्या जून महिन्यात निघाले. म्हणजे सेवांची मुदत २०१९ साली आणि इमारतींची मुदत २०२२ साली टळून गेली. मुदत टळली म्हणून कोणाच्या कचेरीवर जप्ती आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हे असे का झाले त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने रस्ते, वाहतूक आणि सार्वजनिक जागा अंधांना वापरता याव्यात म्हणून २००५ साली याचिका केली. तिच्यावर २०१७ च्या डिसेंबरात सविस्तर आदेश निघाले. तरीही काम पुढे सरकेना. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने रोगाचे मूळ दाखवून दिले. कायद्यात जे ‘केलेच पाहिजे’ म्हणून लिहिले होते, ते नियमावलीच्या पंधराव्या नियमात ‘केल्यास बरे’ अशा मार्गदर्शक सूचनांच्या स्वरूपात उतरले होते. हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून न्यायालयाने केंद्र सरकारला बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत वेगळे काढण्यास सांगितले. याचिका आणि हा निकाल यांमध्ये एकोणीस वर्षे गेली. त्या याचिकेच्या वर्षी जन्मलेले मूल एव्हाना मतदार झाले आहे. त्यास पाय नसतील तर ते आजही त्याच पायरीपाशी उभे आहे. नाव बदलल्याने मान वाढत असेल तर आमचे काही म्हणणे नाही. परंतु पायरीची उंची नावाने कमी होत नाही.

उतार कशास म्हणावा

कोणी म्हणेल, सरकारी इमारतींना उतार बांधलेले आम्ही पाहिले आहेत. आम्हीही पाहिले आहेत. परंतु उतार म्हणजे केवळ घसरण नव्हे. चाकाच्या खुर्चीसाठी नियम असा की, एक फूट चढावयाचे तर उताराची लांबी बारा फूट हवी. साध्या तीन पायऱ्या म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. त्यांना किमान ५.४ मीटरांचा उतार लागतो. आपल्याकडे तो दीड-दोन मीटरांत उरकतात. अशा उतारावरून स्कूटर वर जाते, मालाची हातगाडी जाते, आणि चाकाच्या खुर्चीवरील माणूस मागे घरंगळतो. कोठे उताराच्या तोंडाशी फुलझाडाची कुंडी असते, कोठे उतार संपताच उंबरठा. ठेकेदाराचे बिल निघते, अहवालात ‘काम पूर्ण’ अशी नोंद होते, आणि ज्याच्यासाठी काम काढले त्यास विचारावे असे कोणासही सुचत नाही.

पदपथांवरील पिवळ्या खरखरीत फरश्यांची कथाही अशीच आहे. ही युक्ती जपानच्या सेइची मियाके यांची. १९६७ साली ओकायामा या गावी, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर, अशा फरश्या प्रथम बसल्या आणि तेथून त्या जगभर गेल्या. लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. पायाच्या तळव्याला आणि काठीच्या टोकाला कळणारी ही लिपी आहे. आपल्याकडे ही लिपी न वाचताच छापली जाते. रेघांची वाट विजेच्या खांबावर जाऊन आदळते, ठिपके भलत्याच जागी येतात, आणि उरलेल्या पट्टीवर दुचाक्या उभ्या राहतात. डोळस माणसास ती शोभेची नक्षी वाटते. अंधास ती चुकीचा पत्ता सांगते.

हे आपल्या देशात जमतच नाही असेही नाही. २००२ साली सुरू झालेल्या दिल्लीच्या मेट्रोत लिफ्ट, उतार आणि स्पर्शाने कळणाऱ्या फरश्या आहेत. आरंभीच्या आराखड्यातच विचार केला तर खर्च थोडका येतो. बांधून झाल्यावर फोडून करावयाचे तर तो दुप्पट वाटतो. म्हणूनच २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत ज्या बेळगावचे नाव आले, त्या बेळगावच्या नव्या रस्त्यांकडे आणि पदपथांकडे जुन्या गावाच्या मापाने पाहून चालणार नाही.

पेटी दारी, दाखला माडीवर

मनात आणले तर सरकारला काय करता येते याचा एक दाखला आमच्याच दारात घडला आहे. २०२३ च्या कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीत ऐंशी वर्षांवरील वृद्धांस आणि अपंग मतदारांस घरी बसून मत देण्याची सोय झाली. अधिकारी पेटी घेऊन घरी आले, गुप्ततेसाठी आडोसा उभा केला, मत घेऊन गेले. ही गोष्ट कौतुकाचीच आहे. परंतु ज्याच्या मतासाठी सरकारी यंत्रणा त्याच्या अंगणात येते, त्यासच दुसऱ्या दिवशी जन्ममृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती किंवा निवृत्तिवेतनाचा अर्ज यांसाठी जिना चढावा लागावा, खिडकी हनुवटीच्या वर असावी, आणि बहिऱ्यास पुकारा करून बोलावले जावे, हे कोणत्या न्यायात बसते? मतदानाच्या दिवशी शाळेच्या दाराशी फळ्यांचा उतार लागतो आणि सायंकाळी तो उचलून नेतात. लोकशाही एका दिवसाची नसेल तर उतारही एका दिवसाचा असू नये.

हद्दीपलीकडची वाट

सीमाभागातील माणसाच्या वाट्याला याहून एक अधिक अडचण येते. निपाणी, खानापूर, बेळगाव येथील रोगी पिढ्यानपिढ्या मिरज आणि कोल्हापूर येथे औषधोपचारास जातात. अपंगांच्या पुनर्वसनासाठी नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभारलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरातच आहे. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांस परिचित आहे. म्हणजे उपचाराची वाट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते. सवलत मात्र ज्या त्या राज्याची असते. कर्नाटकातील अपंगांचा सवलतीचा पास राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटरांच्या मर्यादेत चालतो. गाऱ्हाणे ऐकणाऱ्या राज्य आयुक्तांची कचेरी बंगळूरला, बेळगावपासून सुमारे ५०० किलोमीटरांवर. न्याय मागावयाचा तर पासाची वाट पाचव्या हिश्श्यातच संपते.

अपंगत्वाचे देशव्यापी ओळखपत्र केंद्र सरकारने काढले आहे. दोन राज्यांत परस्पर बसवाहतुकीचे करार आहेत. फेऱ्या किती आणि कोणत्या मार्गाने, याचा हिशेब त्यांत असतो. त्याच करारांत एक कलम घालावे की, हे ओळखपत्र दोन्ही महामंडळांच्या गाड्यांत सारखेच मानले जाईल. हद्दीचा वाद कोठेही असो; लंगड्या पायास हद्द विचारण्यात कोणत्याही सरकारचा पुरुषार्थ नाही. भाषेचेही तसेच. डोळसास पाटी वाचता आली नाही तर तो शेजाऱ्यास विचारतो. अंधास पुकारा हीच पाटी. ज्या स्थानकावर उतारूंचा मोठा भाग मराठी बोलतो तेथे तो पुकारा मराठीतही झाला तर कोणाची कानडी कमी होणार नाही, आणि एखाद्याची बस मात्र चुकणार नाही.

करावयाचे काय

पैसा नाही ही सबब येथे टिकणारी नाही. नगरसंस्थांनी निधीचा ५ टक्के भाग अपंगांच्या कामासाठी राखावा असे शासकीय आदेश आहेत. तो कशावर खर्च झाला, हे आमच्या नगरसेवकांनी अंदाजपत्रकाच्या सभेत विचारावे. तिचाकी वाटपाचा समारंभ आणि छायाचित्र यांवर भागवू नये. तिचाकी दिली आणि ती चालविण्यास रस्ता दिला नाही, तर ते दान परसात गंजते. १ मार्च २०२० पासून नव्या बसगाड्यांत राखीव आसने, कुबड्या-काठ्या अडकविण्याची सोय, आधाराचे दांडे आणि चाकाची खुर्ची चढविण्याची व अडकवून ठेवण्याची व्यवस्था असावी असा केंद्राचा नियम आहे. तेव्हा महामंडळाने त्यानंतर घेतलेल्या गाड्यांची यादी लोकांपुढे ठेवावी. शहरातील फेऱ्यांसाठी ४०० मिलिमीटर उंचीच्या लो-फ्लोअर गाड्या मागवाव्यात, आणि थांब्याचा चबुतरा गाडीच्या दाराशी जुळेल असा बांधावा. नाहीतर खाली आलेली गाडी आणि खड्ड्यात गेलेला थांबा यांची गाठच पडावयाची नाही.

महापालिकेच्या हाती तर याहून मोठी किल्ली आहे. पूर्णत्वाचा दाखला तीच देते. बँक, दवाखाना, नाट्यगृह, मंगल कार्यालय, जे जे नवे बांधले जाईल त्याचा उतार आणि दार टेपने मोजल्यावाचून दाखल्यावर सही होऊ नये. कायदा मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास १० हजारांपर्यंत आणि पुढे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे; तो एकदा तरी कोणास होऊ द्या. आणि मोजणी करणाऱ्या पथकात एक चाकाच्या खुर्चीवरील, एक अंध व एक कर्णबधिर नागरिक अवश्य असावा. जोडा कोठे चावतो हे घालणाऱ्यास ठाऊक असते.

राहता राहिले आपण. आंधळा दळतो आणि कुत्रे पीठ खाते, अशा म्हणी आपल्या ओठांवर सहज येतात. त्यांत हसू आंधळ्याचे होते, जात्याजवळ उभ्या असूनही कुत्रे न हाकलणाऱ्या डोळसांचे होत नाही. पदपथावर दुकानाचा माल मांडणारा, राखीव आसनावर बसून खिडकीबाहेर पाहणारा, उतारावर मोटार लावणारा, तो कोणी परका अधिकारी नसतो, आपल्यापैकीच असतो. सरकारकडे न्याय मागणाऱ्या समाजाने आपल्या दाराशी उभ्या असलेल्या दुबळ्यास न्याय दिला पाहिजे. तसे झाले तरच त्याच्या मागणीला वजन येते. येत्या सोमवारी बसस्थानकावर जाल तेव्हा दार अडविण्यापूर्वी एकदा बाजूस पाहा. तेथे जो उभा असेल, त्यास आधी चढू द्या.