पामर

गेल्या महिन्यात आमच्या भागात एका योजनेचा मेळावा झाला. कुठे आणि कोणाचा ते सोडून द्या. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी घालतात त्याहून मोठा मंडप होता. एक तरुण ध्वनिक्षेपकावरून सारखा सांगत होता, "मान्यवरांनी उजवीकडे यावे, लाभार्थ्यांनी डावीकडे बसून घ्यावे." उजवीकडे खुर्च्या, कूलर, पाण्याच्या बाटल्या. डावीकडे सतरंज्या, आणि त्यातल्या अर्ध्या उन्हात. मी काही कोणी मोठा माणूस नव्हे, पण चौतीस वर्षे शिकवले म्हणून मला उजवीकडचे बोलावणे आले.

डावीकडे पुढच्या रांगेत माझा एक जुना विद्यार्थी दिसला आणि मला त्याची वही आठवली.

१९८० नंतरची गोष्ट आहे. सातवीच्या वर्गाला मी शब्दार्थ दिले होते. पामर म्हणजे क्षुद्र, दीन, अज्ञानी. वाक्यात उपयोग करा. या मुलाने लिहिले, "माझे वडील पामर आहेत." मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला, मीही हसलो. मग लाल शाईने फुली मारून खाली शेरा लिहिला, "वडिलांविषयी असे लिहू नये." त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. मुलगा काही बोलला नाही. वही घेऊन जागेवर जाऊन बसला.

निवृत्तीनंतर मी गाथासप्तशती सावकाश वाचायला घेतली. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती एका मित्राकडून आणली होती. बी.ए.ला तिचे नाव फक्त परीक्षेपुरते पाठ केलेले. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह आपल्याच गोदाकाठचा. त्यात राजवाडे कमी आणि शेते फार. नांगऱ्या आहे, त्याची बायको आहे, गावचा प्रमुख आहे, पीकपाणी आहे. आणि त्यात पामर आहे! पण कोण? शेतात राबणारा खेड्यातला माणूस. शिवी नव्हे, तर त्या काव्याचा नायकच म्हणा ना.

मग अमरकोश काढला. तिथे पामर, नीच, प्राकृत, पृथग्जन हे शब्द एकाच ओळीत बसवलेले. प्राकृत हा शब्दसुद्धा! ज्या भाषेत ती गाथा लिहिली गेली तिचे नाव आणि ज्या माणसाविषयी लिहिली गेली त्याचे नाव, दोन्ही नीचाच्या पंगतीला. काव्यशास्त्रातही ग्राम्यत्व हा दोषच मानला आहे. कोश लिहिणारा नांगर धरत नव्हता, हे यामागचे उघड कारण आहे. नांगर धरणाऱ्याने कोश लिहिला असता तर आयतोबाला कोणते प्रतिशब्द मिळाले असते, याचा विचार करून पाहा. असो.

हा दोष केवळ आपल्या पंडितांचा, असे कोणी समजू नये. सिनेमातला व्हिलन सगळ्यांना माहीत आहे. त्याचे मूळ लॅटिन व्हिला, म्हणजे शेतावरचा वाडा. त्या जमिनीला बांधलेला कुळवाडी तो व्हिलेन. जमीनदाराने त्याच्या नावाचा खलनायक करून टाकला. इंग्रजीत चर्ल असाही एक शब्द होता, आता तो वापरातून गेल्यातच जमा आहे. जुन्या इंग्लंडात चर्ल म्हणजे सरदाराच्या खालचा पण स्वतंत्र असलेला सामान्य माणूस. नॉर्मन आले, सरदार बदलले, आणि चर्ल म्हणजे उद्धट, आडदांड असा अर्थ होऊन बसला. गंमत अशी की याच कुळातून कार्ल हे नाव आले, आणि कार्ल नावाचा सम्राट इतका मोठा झाला की पोलिश आणि रशियन भाषांत राजाला जो शब्द आहे तो त्याच्या नावावरून आला. तोच मूळ शब्द राजवाड्यात गेला तर राजा आणि बांधावर राहिला तर गावंढळ. तेव्हा दोष शब्दाचा म्हणता येत नाही.

आमच्या मराठवाड्यात वडीलधारी माणसे रयत म्हणत. मूळ अरबी. त्याचा धातू चारणे, राखणे या अर्थाचा. रयत म्हणजे राखणदाराच्या हवाली असलेला कळप. माझे वडील निजामाची रयत म्हणून जन्मले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली आणि २६ जानेवारी १९५० ला ते कायद्याने नागरिक झाले. एका माणसाच्या हयातीत कळपातून नागरिकापर्यंतचा प्रवास झाला, तोही जागचे न हलता. शब्दाला वर उचलताही येते, हे मी मान्य करतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि तोच शब्द शाळेच्या दारावर लावला. पण त्यांनी रयतेला शिकवायला बसवले, सतरंजीवर ताटकळत नाही.

आणि आता लाभार्थी! अर्थी म्हणजे मागणारा. विद्यार्थी विद्या मागतो, त्यात कमीपणा नाही. लाभार्थी लाभ मागतो. नागरिकाला हक्क असतो, लाभार्थ्यावर उपकार असतात. जो माणूस काडेपेटी घेतानाही कर भरतो, ज्याच्या कापसावर आणि सोयाबीनवर बाजार चालतो, त्याला त्याच्याच पैशातले चार आणे परत देताना आपण मागणारा म्हणतो, आणि वर फोटो काढतो. तुम्ही म्हणाल, गुरुजी, शब्दाने काय होते, पैसे खात्यात आल्याशी कारण. मग उलटे करून पाहा. ज्यांची लाखो-कोटींची कर्जे बँकांनी निर्लेखित केली, त्या कारखानदारांना एकदा मंडपात बोलावून ध्वनिक्षेपकावर लाभार्थी म्हणा. शब्दाने काय होते ते लगेच कळेल.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आनंद मलाही झाला. प्राचीनत्वाच्या पुराव्यात गाथासप्तशती आघाडीवर होती. म्हणजे दर्जा मिळवायला साक्षीला कोण गेला? पामरच गेला. आणि त्याच पामराचा नातू शाळेत "मी जायलोय" म्हणाला की आपण त्याला हसतो, "शुद्ध बोल" म्हणतो. मी स्वतः चौतीस वर्षे हेच केले आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

तर त्या दिवशी मी उठून डावीकडे गेलो. विद्यार्थ्याशेजारी सतरंजीवर टेकलो. तो अवघडला. "सर, तिकडं बसा की. हितं ऊन यायलंय." मी म्हटले, राहू दे. पण गुडघ्यांनी साथ दिली नाही, आणि संयोजकांपैकी एक जण धावत येऊन मला दंडाला धरून खुर्चीकडे घेऊन गेला. मी गेलो. खोटे कशाला सांगू, कूलरचा वारा बरा वाटला.

वहीची गोष्ट त्याच्याजवळ काढायची होती. त्या मुलाचे वाक्य व्याकरणाने बरोबर होते, आणि दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या अर्थानेही बरोबर होते, एवढे तरी सांगायचे होते. तेवढ्यात त्याचा पुकारा झाला. नावाने नव्हे, क्रमांकाने. तो धोतराला हात पुसत उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.