शिक्षा तुरुंगाची की घरापासून तोडण्याची?

परवा संगम पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. तिथल्या सीआयडी ऑफिसच्या आवारात वासुदेव बळवंत फडक्यांचं स्मारक आहे. समोरून रोज हजारो गाड्या जातात, आत किती जण जातात देव जाणे. १८७९ मध्ये पकडल्यावर त्यांना इथे ठेवलं होतं. खटला पुण्यातच चालला, सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली. जन्मठेप झाली आणि पाठवलं कुठे, तर एडनला!

एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. म्हणजे कागदावर आपल्याच इलाख्यातला तुरुंग आणि प्रत्यक्षात समुद्रापलीकडे अरबस्तानात. १८८० मध्ये फडके तिथून निसटलेसुद्धा. पण अनोळखी मुलखात जाणार कुठे? पुन्हा पकडले गेले आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये तिथेच वारले.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत. त्यांचा मुलगा आखातातल्या एका देशात ड्रायव्हर होता. तिथे शिक्षा झाली, काही वर्षं काढली, अजून बरीच बाकी आहेत. गुन्हा केला की नाही यात मी पडत नाही, कोर्टाने निकाल दिलाय. पण काकूंनी मुलाला समोरासमोर पाहिलेलं नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, तिथे राहणं, हे धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या आवाक्यातलं नाही. मुलगा येरवड्यात असता तर पीएमटीने जाऊन भेटून आल्या असत्या. त्या मला म्हणाल्या, "दादा, शिक्षा भोगू दे त्याला, पण हितं भोगू दे ना."

त्यांना माहीत नव्हतं (आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच माहीत होतं) की नेमकं हेच करण्यासाठी आपल्याकडे २००३ पासून कायदा आहे. परदेशात शिक्षा झालेल्या भारतीयाला उरलेली शिक्षा भोगायला भारतातल्या तुरुंगात आणता येतं, आणि इथल्या परदेशी कैद्याला त्याच्या देशात पाठवता येतं. त्यासाठी तीसेक देशांशी करार झालेत. ब्रिटन आहे, श्रीलंका आहे, अमिराती, सौदी, कुवेतही आहेत. म्हणजे आपली माणसं जिथे पोटासाठी जातात त्यातले बरेच देश यादीत आहेत.

आणि उपयोग किती? संसदेत सरकारनेच वेळोवेळी दिलेली उत्तरं बघा. परदेशी तुरुंगांत दहा हजारांच्या आसपास भारतीय आहेत. त्यातले सगळे काही शिक्षा झालेले नाहीत, कित्येकांचे खटले चालू आहेत, हे मान्य. पण कायदा होऊन वीस वर्षं उलटल्यावर या मार्गाने परत आलेल्यांचा आकडा शंभरीच्या आसपास घुटमळतोय.

मला यात एकच गोष्ट खुपते. दूर ठेवणं ही स्वतंत्र शिक्षा आहे, हे आपल्याला इंग्रजांनीच शिकवलं. टिळकांचंच घ्या. जुलै १९०८ मध्ये न्या. दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पुढे सरकारने ती बदलून साधी कैद केली. साधी कैद भोगायला येरवड्याचा तुरुंग काय वाईट होता? १८९७ च्या खटल्यानंतर टिळक तिथे राहून आले होतेच की. पण नाही, त्यांना मंडालेला नेलं. शिक्षेचं नाव सौम्य झालं, अंतर मात्र तसंच राहिलं. भाचे धोंडोपंत विद्वांस भेटीला ब्रह्मदेशापर्यंत जायचे. १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, तेव्हा टिळक मंडालेच्या कोठडीत होते. बायकोचं शेवटचं दर्शन घेऊ नये अशी शिक्षा कुठल्या कलमात होती?

म्हणूनच १९३७ मध्ये अंदमानातल्या राजकीय कैद्यांनी उपोषण केलं, तेव्हा त्यांची एक मोठी मागणी होती की आम्हाला मायभूमीतल्या तुरुंगात परत न्या. देशभर त्यावर सभा झाल्या, गांधीजींनी आणि रवींद्रनाथांनी लक्ष घातलं, आणि जानेवारी १९३८ पर्यंत त्यांना परत आणलं गेलं. त्यातल्या बहुतेकांची त्या वेळी सुटका झाली नव्हती, फक्त तुरुंग बदलला होता. तेवढ्यासाठी माणसं जीव पणाला लावून बसली होती.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहितीय. "टिळक-फडक्यांची तुलना गुन्हेगारांशी करता?" नाही हो. ते देशासाठी गेले, हा मुलगा पगारासाठी गेला. तुलना माणसांची नाही, अंतराची आहे. दुसरी कमेंट: "तिकडे गुन्हा करताना कळलं नाही का?" कळलं असेल. म्हणून तर शिक्षा भोगतोय! इथे आणलं म्हणजे सोडलं असं नाही, उरलेली वर्षं इथल्या तुरुंगात काढायचीच आहेत.

कैद्याची संमती मात्र हवीच, ती अट योग्य आहे. मायदेशी आणणं म्हणजे दर वेळी उपकारच असतो असं नाही. अंदमानात काही वर्षं काढलेल्या साध्या कैद्यांना बाहेर राहून कमावता यायचं, कित्येकांनी तिथेच संसार थाटले. त्यांना बळजबरीने इकडच्या कोठडीत आणलं असतं तर ती नवी शिक्षाच झाली असती. तसंच आज एखाद्याला वाटेल की तिकडे माफी लवकर मिळेल, तर राहू दे त्याला तिकडे. कतारमधल्या आपल्या आठ माजी नौसैनिकांचं आठवतंय? फाशी रद्द होऊन तुरुंगवास झाला तेव्हा त्यांना या मार्गाने इकडे आणता येईल का याची चर्चा सुरू झाली होती. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथूनच सुटका झाली.

पण ज्याला यायचंय त्याचं काय? कागद वकिलातीतून परराष्ट्र खात्याकडे, तिथून गृह मंत्रालयाकडे, मग राज्याकडे. पोलिसांनी घर शोधून नागरिकत्वाची खात्री करायची, राज्याने कुठल्या तुरुंगात ठेवणार ते सांगायचं. तिकडच्या सरकारचा होकार वेगळाच. यातल्या कुठल्याही टेबलावर कागद सहा महिने पडला तरी कुणाला जाब विचारत नाही. काकूंना एका ऑफिसात सांगितलं, "हे आमच्याकडे येत नाही." कुणाकडे येतं, ते सांगायची तसदी कुणी घेतली नाही.

दिल्लीचं दिल्लीला बघू दे. आपल्या हातात राज्याचा टप्पा आहे. पोलीस पडताळणी आणि तुरुंगाची संमती किती दिवसांत द्यायची, याची मुदत महाराष्ट्र सरकारने जाहीर करावी. किती अर्ज आले आणि किती पडून आहेत, हा प्रश्न पुण्याच्या एखाद्या आमदाराने येत्या अधिवेशनात विचारावा. पक्ष कुठलाही चालेल.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर एवढं कळवा: अर्ज कैद्याने स्वतः करायचा असतो, तिथल्या तुरुंग अधिकाऱ्यांकडे किंवा आपल्या वकिलातीकडे. निकाल अंतिम झालेला हवा आणि शिक्षा साधारण सहा महिने तरी शिल्लक हवी. इकडून घरच्यांना परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. काकूंची आम्ही मागच्या रविवारी नोंदवली. नंबर मिळालाय. पुढे काय होतं ते इथेच लिहीन.