राजीनामा नको, संध्याकाळ द्या

दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या फोनवर एक माणूस येतो. चेहरा दर वेळी वेगळा, गोष्ट तीच. तो आयटीत होता. पॅकेज चांगलं होतं, ऑनसाइटही झालं होतं, पण आत कुठेतरी घुसमट होत होती. मग एका सकाळी त्यानं राजीनामा टाकला. आता तो कोकणात होमस्टे चालवतो, नाहीतर मातीची भांडी घडवतो, नाहीतर सिनेमा लिहितो. मागे बासरी वाजत असते. शेवटी तो कॅमेऱ्यात बघून विचारतो, 'तुम्ही कशाची वाट बघताय?'

पगाराची, दादा. तीस तारखेच्या.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. कॉम्प्युटरची डिग्री, हिंजवडीत सहा वर्षं, बॅकएंडचं काम. आणि एकांकिका लिहितो. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या निमित्तानं हा नाद लागला, तो सुटला नाही. आता आमचा सात जणांचा ग्रुप आहे, त्यातले पाच आयटीतले. मी लिहितो हे कळलं की ऑफिसातला कलीग असो नाहीतर लग्नात भेटलेला लांबचा मामा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'मग नोकरी कधी सोडतोयस?' मामा काळजीनं विचारतो, कलीग कौतुकानं. पण दोघांनी धरलेलं गृहीत एकच. लिहिणं खरं असेल तर नोकरी सुटायलाच हवी. सुटली नाही, म्हणजे ते लिहिणं टाइमपास.

या गृहीतकाशी माझं भांडण आहे.

आधी पैशाचं बोलू, कारण रीलमध्ये नेमकं तेवढंच बोलत नाहीत. माझ्या एका मित्रानं तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि तो पूर्णवेळ लिहायला लागला. चांगलं लिहितो, मेहनती आहे, मला त्याचा हेवा नाही (बरं, थोडा आहे). तो कुठेही बोलायला उभा राहिला की 'मी सगळं पणाला लावलं' हे वाक्य येतंच. कोथरूडचा फ्लॅट वडलांच्या नावावर आहे, वडलांना सरकारी पेन्शन आहे, दोन वेळचं ताट आई वाढते. यात पाप काहीच नाही, असे आईवडील सगळ्यांना मिळोत. पण मग पणाला नक्की काय लावलं? आमच्याच ग्रुपमध्ये लातूरकडची एक मुलगी आहे. आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं काम करते. एज्युकेशन लोनचा हप्ता भरते आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवते. तिनं उद्या राजीनामा दिला तर त्यामागे बासरी वाजणार नाही, घरचा किराणा थांबेल. माझ्या मित्राच्या पायाखाली जाळी आहे, तिच्या पायाखाली नाही. मग एकाला धाडसी म्हणायचं आणि दुसरीला घाबरट, हा कुठला न्याय?

'पुस्तकातून सुटेल की' असं वाटणाऱ्यांसाठी छोटा हिशेब. मराठी कादंबरीची आवृत्ती हल्ली अनेकदा ५०० प्रतींची असते. किंमत ३०० रुपये आणि मानधन १० टक्के धरा. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाच्या हातात येतात १५,००० रुपये. वाकडात वन बीएचकेचं एका महिन्याचं भाडं त्यात निघत नाही, आणि ती कादंबरी लिहायला दोन वर्षं गेलेली असतात. प्रायोगिक नाटकाचा हिशेब मी मांडत नाही. ग्रुपमधले लोक हे वाचणार आहेत.

आणि मराठीत लिहिणारा, नाटक करणारा माणूस पोटासाठी दुसरं काहीतरी करतो, हे आजचं आहे का? आपण ज्यांची पुस्तकं वाचत मोठे झालो त्यांची हजेरीपत्रकं काढून बघा. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये होते. व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट. मर्ढेकर आकाशवाणीत. जयवंत दळवी यूसिसमध्ये, म्हणजे अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात, आणि तिथेही मोठं नाव. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. १९७२ चं 'घाशीराम कोतवाल' घ्या. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला त्यांचा दवाखाना. नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. सतीश आळेकरांनी तर बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीची नोकरी सांभाळत मराठी नाटक बदलून टाकलं. यांतल्या कुणाला 'तुमची पॅशन खरी आहे का' असं विचारायची कुणाची छाती झाली नसती.

इथे कुणीतरी डॉक्टर लागूंचं नाव घेतोच. घ्या. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. गोष्ट खरी आणि जबरदस्त आहे. पण ती १९६९ ला सुरू होत नाही. त्याआधी कितीतरी वर्षं हा माणूस डॉक्टरकी करता करता पुण्याच्या हौशी रंगभूमीवर उभा राहत होता. आपण ती वर्षं कापून टाकतो, कारण त्यात राजीनाम्याचा सीन नाही.

मला राजीनाम्याचा राग नाही. ज्याला जमतं त्यानं जरूर सोडावी. शास्त्रीय गाणं, मोठा सिनेमा, तमाशाचा फड ही कामं शनिवार-रविवारी होत नाहीत, हेही मान्य. पण मराठीतलं बरंचसं लिहिणं आणि जवळजवळ सगळं चांगलं प्रायोगिक नाटक नोकरदारांनी संध्याकाळी केलेलं आहे. खरा प्रश्न तिथेच आहे. त्यांना ती संध्याकाळ होती.

त्यांच्या नोकऱ्या फार सुखाच्या होत्या असं मी म्हणत नाही. साहेब तेव्हाही डोकं खात असणार. पण ऑफिसला कुलूप लागायचं. फाइल टेबलावर राहायची, खिशात बसून घरी यायची नाही. म्हणून बँकेतले, बेस्टमधले, वीज मंडळातले लोक राज्य नाट्य स्पर्धेत उतरू शकायचे. म्हणून कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांना कारखान्यांतली माणसं मिळायची. गिरणगावातली शाहिरी, भजनी मंडळं, कामगार रंगभूमी, सगळं पाळी सुटल्यानंतरचं.

आणि तो वेळ कुणी भेट दिलेला नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. त्यासाठी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं सभा घेत, अर्ज करत, 'दीनबंधू'त लिहीत झगडत होते. कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला तो १९४६ च्या दुरुस्तीनं. तिच्यामागे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळणारे बाबासाहेब आंबेडकर होते. म्हणजे आपण ज्याला 'वीकेंड' म्हणतो ती कंपनीची पॉलिसी नाही, कुणीतरी भांडून मिळवलेली वस्तू आहे.

ती आपल्या पिढीनं कशी घालवली ते सांगतो. माझा दिवस साडेनऊच्या स्टँडअपनं सुरू होतो. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे त्यांची सकाळ ती माझी रात्र. नऊचा कॉल साडेदहापर्यंत लांबतो. महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल. त्या आठवड्यात फोन उशाशी. आमची तालीम सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सातला असते. हिंजवडीहून तिथे पोचायला संध्याकाळी दीड तास सहज जातो. म्हणजे साडेपाचला निघायला हवं, आणि साडेपाचला निघणारा माणूस आमच्या मजल्यावर एक तर नोटीस पीरियडवर असतो किंवा त्याच्या घरी कुणीतरी आजारी असतं. गेल्या वर्षी दोन महिन्यांच्या तालमीत आम्ही सातही जण एकत्र असे दोनदाच होतो. न आलेल्याच्या जागी खुर्ची ठेवायची. शेवटी शेवटी त्या खुर्चीच्या एंट्र्या आमच्यापेक्षा चोख व्हायला लागल्या. प्राथमिक फेरीच्या दिवशी मुख्य काम करणारा पोरगा विंगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, कारण रिलीज होतं. तिसऱ्या घंटेला त्यानं झाकण मिटलं.

नंबर आला नाही. एकांकिका चांगली होती असं माझं अजूनही मत आहे.

यावर उद्योगपतींचं म्हणणं काय? नारायण मूर्तींनी २०२३ च्या ऑक्टोबरात तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही ते म्हणाले होते. म्हणजे काम नसताना माणूस घरी काय करतो, याबद्दल त्यांची कल्पनाशक्ती तेवढीच. तो नाटक बसवत असेल, पेटी शिकत असेल, नुसता गॅलरीत उभा असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नाही.

बरं, उरलेल्या वेळावर तरी आपला हक्क? २०२२ साली विप्रोनं स्पर्धक कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं आणि 'मूनलायटिंग' हा शब्द घरोघरी पोचला. स्पर्धकाचं काम करू नये, एवढं मलाही कळतं. पण त्याच सुमारास आमच्याकडे एक फॉर्म आला. नोकरीबाहेरचं कुठलंही काम करायचं तर लेखी परवानगी घ्यायची. मी भरला. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात 'एकांकिका लेखन' लिहिलं. एचआरनं विचारलं, यातून मिळणारं उत्पन्न किती? मी म्हटलं, उणे चार हजार. परवानगी यायला पाच आठवडे लागले. ऑफर लेटरमध्ये आणखी एक कलम आहे. नोकरीच्या काळात मी जे काही निर्माण करीन त्यावर कंपनीचा हक्क, अशी त्याची भाषा. ते सॉफ्टवेअरसाठी आहे हे उघड आहे, पण तसं त्यात लिहिलेलं नाही. तुमच्या लेटरमध्ये काय आहे ते आज रात्री काढून वाचा. पीडीएफ असेलच मेलमध्ये.

आता त्या रीलमधल्या माणसाकडे परत बघा. तो नक्की कुणाच्या सोयीचा आहे? घुसमटलेला माणूस भांडत नाही. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड इमानानं भरतो, केक कापतो, लिंक्डइनवर कंपनीचे आभार मानून निघून जातो. रात्री नऊचा कॉल तसाच राहतो, तो फक्त पुढच्या पोराच्या कॅलेंडरवर जातो. जे मजल्यावरच्या सगळ्यांचं दुखणं होतं, ते एकट्याचा 'प्रवास' बनतं. कंपनीला याहून स्वस्त काय पडेल? आणि मागे राहिलेल्यांना ऐकवायलाही सोय होते. तुला जमत नाही ना, मग तूही सोड की. दार उघडंच आहे.

मला दाराबाहेर जायचं नाही. मला काम आवडतं, हेही एकदा सांगून टाकतो. रात्रभर अडकलेला बग सापडतो तेव्हाचा आनंद एखादं वाक्य जमल्याच्या आनंदाहून फार लांबचा नाही. दिवसाचे आठ तास घ्या, नऊ घ्या, मी प्रामाणिकपणे देतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यानं मर्यादा घातली होती तीच दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं ९ चे १० करायला मान्यता दिली. त्या आठवड्यात माझ्या फीडवर या बातमीपेक्षा होमस्टेवालाच जास्त वेळा आला. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. ते पुढे सरकलं नाही. आणि सरकलं नाही म्हणून आपल्यापैकी कुणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. आपण अप्रेझलच्या टक्केवारीवर तासतास भांडतो. वेळेवर भांडायला आपल्याला लाज वाटते, कारण तसं केलं की आपण 'कामगार' ठरतो, आणि आपण तर प्रोफेशनल.

'हौशी' हा शब्दही असाच लाजेचा झालाय. हौशी म्हणजे कच्चा, असं आपण धरून चाललोय. मराठी नाटकात तो शब्द तसा कधीच नव्हता. हौशी म्हणजे ज्याचं पोट नाटकावर नाही, म्हणून तिकीटबारीच्या भीतीनं ज्याला नाटक बदलावं लागत नाही तो. माझं घर एकांकिकेवर चालत नाही, म्हणून मला हवा तो शेवट मी लिहू शकतो. ज्या मित्राबद्दल वर लिहिलं, तो हल्ली एका ब्रँडसाठी मराठी दिवसाच्या कॅप्शन लिहितो. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तोच मला म्हणाला, 'तुझ्याकडे निदान आठ ते दहा तुझं असतं.'

असायला हवं. म्हणून यंदा आम्ही पाच आयटीवाल्यांनी मिळून एक ठरवलंय. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते दहा कॅलेंडर बंद, ऑन-कॉलचा आठवडा सोडून. कारण विचारलं तर डोकेदुखी, पाहुणे, बँकेचं काम असलं काही सांगायचं नाही. खरं ते सांगायचं. मी कॅलेंडरात सरळ 'तालीम' लिहिलं. माझा मॅनेजर लखनौचा. पहिल्या आठवड्यात त्यानं मोठ्या उत्साहानं विचारलं, कुठलं ट्रेनिंग घेतोयस, कंपनी खर्च देईल. मी त्याला तालीम म्हणजे काय ते सांगितलं. दुसऱ्या मंगळवारी त्यानं त्याच वेळेवर कॉल टाकला. मी डिक्लाइन केला आणि खाली लिहिलं, उद्या सकाळी दहाला चालेल. कॉल बुधवारी दहाला झाला, वीस मिनिटांत संपला. या गुरुवारी पुन्हा नऊचं इन्व्हाइट आलंय. ग्रुपवर टाकलं तर कळलं, पाचांपैकी तिघांना आलंय. लातूरवाल्या मुलीनं तिचं आधीच डिक्लाइन केलं होतं.